सूचना : अफरवटच्या ताज्या बर्फाबद्दल

सभासदांनो, स्कीइंगसाठी गुलमर्गला निघण्याआधी वाचा.

गोंडोलाचा (रोपवेचा) दुसरा टप्पा कोंगडोरी या मधल्या स्टेशनाहून अफरवट डोंगरावर सुमारे ३,९५० मीटरवर नेऊन सोडतो. हिमवर्षावानंतर तो उघडला की वरच्या स्टेशनजवळचे उतार स्की करणाऱ्यांकडून काही तासांत उकरले जातात. म्हणून लांबच्या नाळा (डोंगरातल्या अरुंद घळी) जपायच्या आहेत. व्हिडिओ टाकताना ठिकाण लिहू नका, मागची शिखररेषाही दिसू देऊ नका. जाणकार तेवढ्यावरून नाळ ओळखतात.

उतार वाटून घ्या. आधीच्याच्या वळणांशेजारी, त्याच लयीत उतरा. मध्ये हात-दोन हात जागा पुरते. कॅमेऱ्यासाठी उतार आडवा कापणं बंद. एका तिरप्या रेघेने सगळ्यांची उतरण्याची वाट बिघडते. त्यातून वाऱ्याने दाबलेला थर असेल (काठी टोचल्यावर पोकळ ढबढब आवाज येतो), तर तो तिथेच तुटून खालच्यांवर येऊ शकतो.

स्कीची चढवाट (स्की घालून वर चढायची वाट) नुसत्या बुटांनी तुडवू नका. गुडघाभर खड्डे पडतात, रात्री गोठतात, सकाळी चढणाऱ्याची स्की घसरते.

कोरा उतार म्हणजे सुरक्षित उतार नव्हे. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. तिथे एका वेळी एकानेच उतरायचं, बाकीच्यांनी उताराच्या रेषेबाहेर थांबायचं. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं संकेतयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडं प्रत्येकाजवळ हवंच. फोन आणि कॅमेरा बीकनपासून किमान २० सेंमी, शोधताना ५० सेंमी लांब. छातीवर कॅमेरा लावणाऱ्यांकडून नेमकं इथेच चुकतं आणि बीकनचा संकेत बिघडतो.