गोऱ्यांचं बदलणं हे फॅड नाही

मा. संपादक,

परवाच्या पुरवणीत अमेरिकेतले गोरे लोक स्वतःचा वर्णद्वेष कसा तपासतायत त्यावर लेख होता, आणि सूर असा की हे सगळं श्रीमंतांचं फॅड आहे. मला अजिबात पटलं नाही. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड ह्या काळ्या माणसाचा गोऱ्या पोलिसाने खून केला, त्यानंतर कंपन्यांनी घाईघाईत वर्णद्वेषावर ट्रेनिंग घेतली, लोकांनी पुस्तकं आणून कपाटात ठेवली, हे खरंय. पण म्हणून माणूस बदलतच नाही असं कसं म्हणता?

नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमचा सी. पी. एलिस बघा. बाप कापडगिरणीत राबून लवकर गेला, हा पेट्रोल पंप चालवायचा, कितीही मरमर केली तरी कर्ज फिटेना, आणि ह्याला काळेच कारण असं डोक्यात बसलं. कू क्लक्स क्लॅनमध्ये, म्हणजे काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेत, शिरला आणि तिथल्या शाखेचा प्रमुख झाला. पुढे १९७१ मध्ये काळ्या-गोऱ्या मुलांच्या शाळा एकत्र करण्यावरून शहर पेटायला आलं होतं तेव्हा दहा दिवस सगळ्यांच्या बैठका ठेवल्या आणि अध्यक्ष दोन नेमले, एक हा आणि दुसऱ्या ॲन ॲटवॉटर, काळ्या वस्तीत गरिबांच्या घरांसाठी लढणाऱ्या बाई. दोघांना एकमेकांचं तोंड बघायचं नव्हतं. पण बोलता बोलता कळलं की आईबापामुळे शाळेत दोघांच्याही पोरांचा छळ होतोय, आणि दोघंही रडले. शेवटच्या दिवशी एलिसने सगळ्यांसमोर क्लॅनचं कार्ड फाडलं.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते त्याने नंतर सांगितलेलं. काळ्यांना विरोध करायला क्लॅनची माणसं घेऊन ये म्हणून शहरातले बडे गोरे त्याला रात्री फोन करायचे, आणि दिवसा रस्त्यात दिसला तर हात मिळवायला लागू नये म्हणून पलीकडच्या फुटपाथवर जायचे. आपल्याला कोण वापरतंय हे त्याला दिसलं. अशी समज नुसतं अपराधी वाटून घेऊन येत नाही हो, समोरच्याबरोबर बसून काम करावं लागतं. त्याची किंमतही त्याने मोजली, जुने मित्र तुटले, जिवे मारायच्या धमक्या आल्या. मग तो कामगार युनियनमध्ये गेला, तिथे बहुसंख्य सभासद काळे, त्यांनीच त्याला निवडून दिलं. ॲटवॉटरबाईंशी मैत्री २००५ मध्ये तो जाईपर्यंत टिकली.

आपला ह्याच्याशी काय संबंध असं म्हणू नका. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्यांची गुलामी संपवायला झटलेल्या अमेरिकन लोकांना. आणि आज न्यू जर्सी, डॅलसला राहणारी आपलीच माणसं फोनवर सांगतात, त्या एरियात घर घेऊ नका, काळे फार आहेत! १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्याने आपल्यासाठी अमेरिकेचं दार उघडलं ते काळ्यांच्या नागरी हक्क चळवळीच्या जोरावर, हे त्यांच्या मुलांना कोण सांगणार? गोऱ्यांना फॅड म्हणण्याआधी हे बोलायला हवं, आणि मग जातीवरही बोलावंच लागेल.

एलिस आणि ॲटवॉटर ह्यांच्यावर पुरवणीत सविस्तर लेख छापाल का? शाळेतल्या मोठ्या मुलांनाही समजेल असा असला तर फार बरं.

आपली,
एक वाचक, डोंबिवली