पत्ता उजवीकडून वाचा

संपादक महोदय,

बँकेच्या नावाने येणारे बनावट मेल ओळखण्यासाठी अजूनही दोन खुणा हमखास सांगितल्या जातात: शुद्धलेखनाच्या चुका शोधा आणि ब्राउझरमध्ये कुलूप दिसते का बघा. दोन्ही खुणांवर आता विसंबता येत नाही. चोरांची भाषा आता बँकेच्या भाषेपेक्षाही सुबक असते (बँकांची भाषा पाहता ते फारसे अवघड नाही). कुलपाचा अर्थ एवढाच, की तुम्ही आणि ती साइट यांच्यातला मजकूर वाटेत कोणाला वाचता येत नाही. पलीकडे साव आहे की चोर, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र चोरालाही काही मिनिटांत फुकट मिळते.

बघायचा तो लिंकचा पत्ता, आणि तोही उजवीकडून. मोबाइलवर लिंक दाबून धरली, किंवा संगणकावर माउसचा बाण तिच्यावर नेला, की ती न उघडताच पत्ता दिसतो. समजा तो असा आहे: आपलीबँक.कॉम.खातेपडताळणी.नेट/लॉगिन. सुरुवातीला ‘//’ अशा जोड-रेघा असतील तर त्या सोडून पहिली एकेरी तिरकी रेघ गाठा आणि तिथून डावीकडे या. आधी ‘नेट’, मग ‘खातेपडताळणी’. जागेचा मालक हाच. त्याच्या डावीकडचे ‘आपलीबँक.कॉम’ ही नुसती पाटी, ती कोणालाही लावता येते. काही देशांत पत्त्याचा शेवट दोन तुकड्यांचा असतो (उदाहरणार्थ ‘को.इन’), तिथे उजवीकडचे तीन तुकडे वाचावे लागतात. शिवाय लहान लिपीतली आर आणि एन ही इंग्रजी अक्षरे शेजारी आली की घाईत एम वाटतात. पाठवणाऱ्याच्या नावावर तर जाऊच नये, ते पाठवणारा स्वतःच टाइप करतो.

हल्ली लिंकऐवजी क्यूआर कोडही येतो. चित्रात दडलेला पत्ता मेलच्या गाळणीतून निसटू शकतो आणि तो उघडतो मोबाइलवर, जिथे पूर्ण पत्ता अनेकदा मावत नाही.

‘ओटीपी आहे ना!’ या भरवशावरही राहू नये. तुम्ही बनावट पानावर पासवर्ड टाकता, त्याच क्षणी चोर तो खऱ्या साइटवर टाकतो. बँक खराच ओटीपी पाठवते आणि तो तुम्ही त्याच बनावट पानावर भरता. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड जपून ठेवून आपणहून भरणारे ॲप) मात्र इथे उपयोगी पडतो. पत्ता जुळला नाही तर तो आपणहून पासवर्ड भरत नाही. ‘आज हे चालत नाहीये’ म्हणून हाताने टाइप करायला गेलात, की फसलात. पासकी (पासवर्डऐवजी उपकरणातच साठवलेली डिजिटल किल्ली) साइटच्या पत्त्याशीच बांधलेली असल्याने बनावट पानावर चालत नाही. बँकेने ती सोय दिली असेल तर जरूर घ्यावी. एरवी मेलमध्ये काहीही लिहिलेले असो, खाते बँकेच्या ॲपमधून किंवा स्वतः जपून ठेवलेल्या बुकमार्कवरूनच उघडावे.

माहिती भरून झालीच असेल तर कार्डामागच्या क्रमांकावर लगेच फोन करून व्यवहार थांबवा, मग पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट व्हा. तोच पासवर्ड ईमेललाही असेल तर तोही बदला आणि ईमेलच्या सेटिंगमधले फिल्टर व फॉरवर्डिंग तपासा. बँकेचे इशारे परस्पर कचरापेटीत जावेत, असा नियम चोर तिथे लावून ठेवतात. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो.

– एक वाचक