‘अ+’ बटणाने पान वाचता येत नाही: माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
माहिती तंत्रज्ञान विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

सरकारी संकेतस्थळाच्या वरच्या कोपऱ्यात ‘अ-, अ, अ+’ अशी तीन बारीक बटणे बसवली की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांनाही संकेतस्थळ वापरता येण्याचे, काम झाले, असे धरून चालतात. काचबिंदू झालेल्या किंवा मधुमेहाने डोळ्याचा पडदा बिघडलेल्या माणसाला ती बटणे शोधणेच अवघड जाते. तो ब्राउझरचे झूम वापरतो: संगणकावर कंट्रोल आणि अधिकचे चिन्ह, मोबाइलवर दोन बोटे. पान मोडते ते इथे.

मोबाइलवरचा दोष पुष्कळदा एकाच ओळीत असतो. पान मोबाइलच्या पडद्यावर कसे बसवायचे हे सांगणाऱ्या व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये ‘युजर-स्केलेबल=नो’ किंवा ‘मॅक्सिमम-स्केल=१’ लिहून झूम बंद केलेले असते. काही ब्राउझर ही आज्ञा जुमानत नाहीत, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. ती काढून टाकावी.

संगणकावरची कसोटीही सोपी आहे. खिडकी १२८० पिक्सेल रुंद ठेवून झूम ४०० टक्के करावे. मजकूर एका रकान्यात खाली वाहिला पाहिजे. प्रत्येक ओळीसाठी पान आडवे सरकवावे लागले, तर ते नापास.

मराठीचे दुखणे मात्र वेगळे आहे. इंग्रजीच्या मापाने केलेल्या साच्यात आपला मजकूर ओततात. रकान्याची आणि ओळीची उंची पिक्सेलमध्ये बांधलेली असते. अक्षर मोठे केले की वरचा रफार, अनुस्वार आणि खालचे उकार कापले जातात. ‘अर्ज’चा ‘अज’ होतो, ‘मंजूर’चा ‘मजूर’. ओळीची उंची एकक न लावता १.५ ते १.७ लिहावी, रकान्याला ठरीव उंची देऊच नये. शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून अक्षरांत अंतर वाढवू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा आकारच जातो. कमी दिसणाऱ्या माणसाला मग तो ओळखणे आणखी अवघड जाते.

रंगाचे गणित ठरलेले आहे. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उठाव (कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक) किमान ४.५ : १ हवा. पांढऱ्यावर #९९९९९९ या रंग-संकेताचा राखाडी २.८५ वरच थांबतो, #७६७६७६ जेमतेम पास होतो. फॉर्मच्या चौकटीतली फिकट सूचना याच कारणाने दिसत नाही, आणि टंकायला लागताच ती नाहीशी होते. म्हणून रकान्याचे नाव चौकटीच्या वर, कायम हवे.

भिंगासारख्या सॉफ्टवेअरने चौपट मोठे केले की पडद्याचा सोळावा भागच एका वेळी दिसतो. तेव्हा चूक दाखवणारी लाल ओळ पानाच्या माथ्यावर उमटली तर ‘जतन करा’ बटणापाशी असलेल्या माणसाला ती कळणार कशी? चूक त्या चौकटीलगतच, शब्दांत लिहावी.

स्कॅन करून चढवलेला शासन निर्णय मोठा केला की धूसर होतो, १ आणि ९ मधला फरक पुसला जातो. युनिकोडमध्ये टंकलेल्या मूळ फाइलमधूनच पीडीएफ काढावी.

कायद्याची उणीव नाही. माहिती आणि संपर्क साधने दिव्यांगांना सुगम असावीत असे सांगणारे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम ४२ आहे, त्याच सुगम्यतेचे भारतीय मानक १७८०२ आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानली. काम अडते ते कंत्राटदाराकडून संकेतस्थळ ताब्यात घेताना. यंत्राने काढलेला तपासणी अहवाल रंगाचा उठाव मोजतो; कापलेला रफार त्याला दिसत नाही.

म्हणून निविदेतच अट घालावी. अंतिम बिलाआधी अल्पदृष्टी असलेल्या किमान पाच जणांनी, मानधन घेऊन, मराठीतला एक अर्ज लॉगिनपासून पोचपावतीपर्यंत स्वतः भरावा. केवळ मुखपृष्ठ तपासून चालणार नाही. जिथे ते अडतील तो दोष दुरुस्त होऊन पुन्हा तपासला जाईपर्यंत बिल थांबवावे. सुरुवात शिष्यवृत्ती आणि निवृत्तिवेतनाच्या अर्जांपासून करावी, ही विनंती.

आपले,
संकेतस्थळांची सुगम्यता तपासणारे