नाटकाचा एक तास विंगेत भरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या नाट्यपानाचा मी जुना वाचक. उमेदीची वर्षं हौशी संस्थांच्या नाटकांत पडद्यामागे राबलो, त्यामुळे मराठीला नाटक लागलं की आळीतली कॉलेजची मुलं शंका घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्या गाईडात नाट्यविषयक शब्दांची यादी असते. नांदी, सूत्रधार, स्वगत, नेपथ्य, भरतवाक्य. प्रत्येकापुढे दोन मार्कांपुरती दीड ओळीची व्याख्या. ती मुलं घडाघडा म्हणून दाखवतात. नाटक वाचताना मात्र कंसातला मजकूर गाळून नुसते संवाद वाचत सुटतात.

कंसात ‘डावीकडून येतो’ असं असेल तर कोणाची डावी? रंगमंचावर डावं-उजवं धरतात ते प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. काही लेखक ‘प्रेक्षकांच्या डाव्या हाताला’ असं मुद्दाम लिहितात. हा फरक ठाऊक नसला की वहीतल्या आराखड्यात स्वयंपाकघराचं दार थेट रस्त्यावर उघडतं.

‘प्रवेश’ हा तर रोजचा शब्द. पात्राची एंट्री, एवढाच अर्थ लावून मुलं मोकळी होतात; अंकातलं एक दृश्य, हा दुसरा अर्थ त्यांच्या गावी नसतो. मग ‘एकच प्याला’सारख्या पाच अंकी संगीत नाटकात अंकागणिक इतके प्रवेश कशाला, ते उमगत नाही. जुन्या नाटकांबद्दल एक प्रश्न हमखास येतो: गोष्ट ऐन रंगात आलेली असताना मध्येच रस्त्यात दोन किरकोळ पात्रं गप्पा काय मारत बसतात, लेखकाचं भान सुटलं का? अहो, रस्त्याचा रंगवलेला पडदा पुढे सोडलेला असायचा आणि त्याच्यामागे पुढच्या प्रवेशाचा दिवाणखाना मांडला जात असायचा. लोड-तक्के, खुर्च्या, तसबिरी जागेवर लागेपर्यंत पुढे कुणीतरी प्रेक्षकांना धरून ठेवणं भाग होतं. विनोदी पात्रांना ही हक्काची जागा मिळाली आणि हुशार लेखकांनी तिचं सोनं केलं.

पुढे १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक आणलं, तेव्हा भिंती, दारं, खिडक्या असलेली खरीखुरी वाटणारी खोली रंगमंचावर उभी राहिली. अशी खोली दर दहा मिनिटांनी हलवणार कोण? एका अंकाला एकच प्रवेश ही पद्धत रुजत गेली आणि पडद्यापुढच्या गप्पा ओसरल्या. म्हणजे संहितेतले प्रवेश नुसते मोजले तरी नाटक साधारण कुठल्या काळातलं, याचा अंदाज बांधता येतो. आणि १९७२च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये तर ब्राह्मण झालेल्या नटांची रांग हाच पडदा! तिथे ‘पडदा’ची पाठ केलेली व्याख्या काय कामाची?

म्हणून सुचवावंसं वाटतं की हे शब्द बाकावर बसून शिकवूच नयेत. दौऱ्यावरचं नाटक गावात आलं की प्रयोगाच्या आधी काही तास सेट लागत असतो. प्राध्यापकांनी आधी विचारून वर्ग तिथे न्यावा. मध्ये लुडबूड केली नाही तर बॅकस्टेजची मंडळी सहसा कुणाला हाकलत नाहीत. फ्लॅट (भिंतीसारखी उभी चौकट), लेव्हल, विंग (रंगमंचाची प्रेक्षकांना न दिसणारी बाजू), झालर (वरची आडवी कापडी पट्टी), स्पॉट (एका जागी झोत टाकणारा दिवा) हे सगळं तासाभरात डोळ्यांखालून जातं. लेव्हल म्हणजे साधा लाकडी चौथरा. पण त्यावर सासरा उभा केला आणि जावई खाली ठेवला की घरात कुणाचं चालतं ते एकही वाक्य न बोलता कळतं. दरवर्षी ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, विष्णुदास भावे आणि त्यांचं १८४३चं नाटक ‘सीतास्वयंवर’ यांवर तीच ती भाषणं होतात. त्या दिवशी मुलांना रंगमंचावर नुसतं चालू दिलं तरी चालेल.

आता थोडं आपल्याबद्दल, राग मानू नये. आपल्याकडच्या परीक्षणांत कथानकाला दोन कॉलम मिळतात आणि शेवटी ‘नेपथ्य साजेसे, प्रकाशयोजना पूरक’ एवढ्यावर बोळवण होते. साजेसं म्हणजे कसं? दार कुठे होतं, ते तिथे असल्यामुळे कुणाची एंट्री रंगली, दिवे कुठल्या वाक्यावर उतरले, यावर दर परीक्षणात चार वाक्यं आली तर गाईडातल्या त्या यादीची मुलांना गरज भासणार नाही. जागेची अडचण असेल तर कथानकातून कापा. तसाही नाटकाचा शेवट बऱ्याचदा रविवारच्या अंकातच फुटलेला असतो.

आपला,
एक नाट्यवेडा वाचक, सांगली