एजंटला पैसे भरण्याआधी

एडिसन, न्यू जर्सी

ती. दादा आणि सौ. वहिनी,
सा. न. वि. वि.

चिऊनं अमेरिकेतल्या शिक्षणासाठी पाठवलेलं एजंटचं माहितीपत्रक दोनदा वाचलं. त्यात 'दोन वर्षांचं मास्टर्स' आणि 'अमेरिकेत सायकॉलॉजिस्ट' हे शेजारी-शेजारी छापलंय. या दोन गोष्टींच्या मध्ये इथं पाच-सहा वर्षं जातात आणि त्यांचा त्या कागदावर उल्लेखच नाही. म्हणून सगळं नीट लिहितो. तोवर टोकनसुद्धा भरू नका.

सायकॉलॉजिस्टचा परवाना इथं देश देत नाही, प्रत्येक राज्याचं मंडळ देतं. बहुतेक सगळीकडे त्यासाठी डॉक्टरेट लागते, देखरेखीखाली केलेले ठरावीक तास लागतात आणि ईपीपीपी नावाची परीक्षा पास व्हावी लागते. नुसत्या एम.ए.वर ही पाटी दाराला लावता येत नाही.

डॉक्टरेट दोन तऱ्हेची, पीएच.डी. आणि साय-डी. पीएच.डी.त संशोधनावर भर असतो, साय-डीत प्रत्यक्ष उपचारांवर. पण आपल्यासारख्या घराला मोठा फरक पैशाचा आहे. चांगल्या पीएच.डी.त फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा विद्यावेतन मिळतं, म्हणून जागाही मोजक्या असतात. साय-डीला जागा जास्त, पण खर्च बहुतेक आपल्याच खिशातून. दादा, तू शेतावर कर्ज काढायचं म्हणालास. साय-डीसाठी ते काढू नये असं माझं स्पष्ट मत आहे. चिऊनं दोन वर्षं थांबून पीएच.डी.साठी तयारी केलेली परवडेल.

आणखी एक मेख आहे. 'पीएच.डी. इन सायकॉलॉजी' असं नुसतं नाव पाहून जाऊ नये. सोशल, कॉग्निटिव्ह किंवा डेव्हलपमेंटल विषयातल्या पीएच.डी.नंतर रुग्ण तपासण्याचा परवाना सहसा मिळत नाही. क्लिनिकल, काउन्सेलिंग किंवा स्कूल यांपैकीच हवी आणि तिला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, म्हणजे एपीएची मान्यता हवी. विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि त्या अभ्यासक्रमाला असणं वेगळं. एजंट पहिली दाखवतात, आपण दुसरी विचारायची.

चिऊ, आता तुझ्यासाठी. एपीएची मान्यता असलेल्या प्रत्येक अभ्यासक्रमाला आपल्या संकेतस्थळावर एक तक्ता टाकावाच लागतो. 'स्टुडंट ॲडमिशन्स, आउटकम्स अँड अदर डेटा' असं त्याचं नाव. रंगीत फोटो सोडून दे, थेट तिथं जा. पदवीला सरासरी किती वर्षं लागली, फी किती, एपीए-मान्य इंटर्नशिप किती टक्क्यांना मिळाली, मध्येच किती जणांनी सोडलं आणि शेवटी परवाना किती जणांच्या हातात आला, सगळं त्यात असतं. परवान्याचा आकडा दोन ते दहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्यांवरून काढतात, म्हणून तो भरवशाचा. सोडून जाणारे जास्त आणि परवानाधारक कमी दिसले, तर ते नाव यादीतून काढ.

पीएच.डी.चे अर्ज साधारण १ डिसेंबरच्या आसपास बंद होतात, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत होतात आणि १५ एप्रिलपर्यंत होकार-नकार कळवायचा असतो. इथं अर्ज विद्यापीठाला करायचा असला तरी निवड बहुतेक वेळा एका प्राध्यापकाच्या हातात असते. त्यांचं काम आणि तुझी आवड जुळली नाही, तर नुसत्या गुणांना कुणी विचारत नाही. आपल्या तीन वर्षांच्या बी.ए.वर काही विद्यापीठं अडून बसतात. त्यावर एम.ए. झालं की हा प्रश्न बहुधा सुटतो. एम.ए.चा प्रबंध मनापासून कर, आकडेमोड स्वतः शिक आणि एखाद्या प्रकल्पात वर्षभर काम कर.

प्रवेशानंतरची खरी अडचण इंटर्नशिपची. शेवटचं वर्ष पूर्णवेळ, साधारण २,००० तासांचं. जागा ॲपिक या संस्थेच्या मॅचमधून मिळते. विद्यार्थी आपला पसंतीक्रम देतात, दवाखाने त्यांचा, आणि फेब्रुवारीत जुळणी जाहीर होते. ती दोघांनाही बंधनकारक असते, नंतर 'दुसरीकडे जाते' म्हणता येत नाही. अर्जात उपचाराचे तास, चाचण्यांचे तास आणि एकत्रित अहवालांची, म्हणजे अनेक चाचण्या मिळून लिहिलेल्या अहवालांची, संख्या वेगवेगळी द्यावी लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून नोंद हवी. माजी सैनिकांसाठीच्या सरकारी रुग्णालयांत, म्हणजे व्हीएमध्ये, पुष्कळ जागा असतात, पण तिथं अमेरिकन नागरिकत्व लागतं. आपल्या मुलांची यादी तिथंच आखूड होते.

इथंच व्हिसाचा सापळाही आहे. इंटर्नशिप सीपीटीवर, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायच्या परवानगीवर, होते. पूर्णवेळ सीपीटीचे १२ महिने भरले की पदवीनंतरची ओपीटी, म्हणजे आपल्या विषयात काम करायची तात्पुरती परवानगी, मिळत नाही. म्हणून सीपीटीची शेवटची तारीख १२ महिन्यांच्या आतली आहे ना, हे परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात बसून कागदावर पाहून घ्यायचं. एका दिवसाच्या चुकीनं पुढचं सगळं अडतं.

कारण ओपीटीच्या १२ महिन्यांतच पदवीनंतरचे तास करायचे असतात. कॅलिफोर्नियात एकूण ३,००० तास लागतात, त्यांतले निदान १,५०० डॉक्टरेटनंतरचे. आठवड्याला ४० तास धरले तर ३८ आठवडे. गणित बसतं, पण ओपीटीवर ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, म्हणून जागा आधीच ठरलेली हवी. कॅलिफोर्नियात काम सुरू होण्याआधी देखरेख-करारावर सह्या लागतात. सही नंतर घेऊ म्हटलं की आधीचे तास बाद होण्याचा धोका. दर आठवड्याच्या कामाच्या दहा टक्के देखरेख हवी आणि त्यातला निदान एक तास मुख्य पर्यवेक्षकासमोर एकट्यानं बसून.

ईपीपीपीत २२५ प्रश्न असतात. गुण १७५ प्रश्नांचेच धरतात, उरलेले ५० चाचणीपुरते, पण कुठले ते कळत नाही. वेळ सव्वाचार तास, पास व्हायला बहुतेक राज्यांत ५०० चा स्केल्ड स्कोअर, म्हणजे ठरावीक मोजपट्टीवर बदलून दिलेले गुण. निदान-मूल्यमापन आणि नीती-कायदा या दोन भागांना प्रत्येकी १६ टक्के वजन आहे. नीती-कायद्याचे नियम इथले असतात, म्हणून ते वेगळे बसून शिकावे लागतात.

वहिनी, तुम्ही विचारलंत की एवढं नको असेल तर काय? साठ क्रेडिटचं काउन्सेलिंगमधलं मास्टर्स आहे. त्यात साधारण १०० तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे सुरुवातीचं प्रत्यक्ष काम, आणि ६०० तासांची इंटर्नशिप असते. पुढं देखरेखीखाली काही वर्षं काम करून परवाना मिळतो, पण तो काउन्सेलरचा. काम चांगलं आणि गरजेचं आहे. दुसरं, शाळेतली सायकॉलॉजिस्ट. साठ क्रेडिटची स्पेशालिस्ट पदवी आणि १,२०० तासांची इंटर्नशिप. डॉक्टरेट लागत नाही, मात्र ही पाटी सहसा शाळेपुरतीच चालते.

आणि चिऊला शेवटी नाशकातच बसायचं असेल, तर हा फेरा कशाला? आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते, १९९२ च्या कायद्यानुसार. बंगळुरूचं निम्हान्स किंवा रांचीचं केंद्रीय मनोचिकित्सा संस्थान इथं शिकलेलं माणूस कुठंही कमी पडत नाही. परिषदेच्या यादीत यंदा कोणते अभ्यासक्रम आहेत, ते तिनं आधी पाहावं.

चिऊ, या महिन्यात एवढंच कर. पाच अभ्यासक्रमांचे तक्ते उतरवून मला पाठव. बी.ए.च्या प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम कॉलेजचा शिक्का मारून घे, कारण इथली मूल्यांकन संस्था किंवा मंडळ कधी एकेका विषयाचा तपशील मागतं आणि दहा वर्षांनी जुना अभ्यासक्रम कॉलेजातही सापडत नाही. दोन प्रती कर, एक आजीच्या कपाटात ठेव.

आईला नमस्कार सांगा. रविवारी फोन करतो.

तुमचा,
धाकटा