कोट कुणी धुवायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की दरवर्षी तुमच्या पेपरात एक फोटो येतो, एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) धाड, मागे कढई आणि तेलाचे डबे, पुढे खाली मान घालून बसलेल्या चार बायका, आणि खाली ओळ की कामगार विनाटोपी विनाहातमोजे काम करताना आढळले. यंदाही आला. फोटो खोटा नाही आणि मी काही त्या कारखान्याची वकिली करायला बसले नाहीये. पण मी सतरा वर्षं अशाच बायकांच्यात काढलीत, आधी अकरा वर्षं रत्नागिरीला मासळीच्या एक्स्पोर्ट प्लँटमधे कोळंबी सोलायला आणि मग सहा वर्षं पुण्याकडच्या एका एमआयडीसीत फरसाण-मिठाईच्या युनिटला लाइन सुपरवायझर, त्यामुळे असा फोटो बघितला की माझं लक्ष टोपीकडे जातच नाही, मागच्या भिंतीकडे जातं. खुंट्या आहेत का ते बघते मी. हसू नका, सांगते का ते.

मासळीच्या प्लँटला मी लागले २००१ ला. त्याआधी १९९७ मधे युरोपने भारताच्या मासळीवर बंदी घातली होती, त्यांची माणसं इथले प्लँट बघून गेली आणि स्वच्छतेत नापास करून टाकलं, मग ज्यांनी सुधारणा केल्या त्यांनाच हळूहळू परत माल पाठवायला मिळाला. जुन्या बायका सांगायच्या की बंदीच्या आधी आणि नंतर प्लँट ओळखू येईना. मला जे मिळालं ते नंतरचं. घरची चप्पल बाहेर, आधी टोपी मग कोट, उलटं केलंत तर परत बाहेर, कारण टोपी घालताना गळलेला केस कोटावर पडतो आणि कोटावरून टेबलावर. कोटाला बटण नाही, वरती खिसा नाही, म्हणजे वाकल्यावर पेन किंवा पैसे मालात पडायला नकोत. मग गमबूट, क्लोरीनच्या पाण्यातून चालत जायचं, गुडघ्याने ढकलायचा नळ, नखांना ब्रश. बर्फात हात घालून घालून बोटांना चिरा पडायच्या, थंडीत तर रडायला यायचं, ते काम काही सुखाचं नव्हतं. पण शिफ्ट सुटली की कोट दारातल्या टोपलीत टाकायचा आणि घरी जायचं. सकाळी धुतलेला कोट हातात. अकरा वर्षांत एकदाही मी तो कोट घरी नेला नाही.

फरसाणच्या युनिटला गेले तर पहिल्याच दिवशी दोन कोट हातात दिले आणि पहिल्या पगारातून त्याचे पैसे कापले. धुवायचे घरी. बदलायला खोली नाही, गोडाऊनच्या कोपऱ्यात पोत्यांच्या मागे, आणि तिथून हमाल लोकांची ये-जा, मग कोण बाई तिथे कपडे बदलणार, सगळ्या घरूनच कोट घालून यायच्या. त्याच कोटात सिक्ससीटरमधे दाटीवाटीने बसायचं, वाटेत पोराला बालवाडीत सोडायचं, त्याचं नाक पुसायचं, आणि तसंच आत येऊन शेव भरायची. संध्याकाळी तोच कोट नवऱ्याच्या गॅरेजच्या कपड्यांबरोबर एका बादलीत, कारण पाणी एक दिवसाआड. पावसाळ्यात दोन्ही कोट ओले. आणि सकाळी गेटवर मी उभी, कोट मळका आहे, परत जा.

एक किस्सा लिहिते, तो माझ्या मनातून जात नाही. ऑडिटची पार्टी येणार होती म्हणून मी एका मुलीला मळक्या कोटावरून परत पाठवलं, तिचा खाडा पडला, रोज गेला. दुसऱ्या दिवशी आली ती पांढऱ्याफटक कोटात, कोट एकदम कडक. जवळ आली तर कॉलर ओलीच, आणि पाठीवर गोल गोल पिवळट डाग. रात्री धुतला, वाळला नाही, घरी इस्त्री नाही, म्हणून पितळेचा तांब्या गॅसवर तापवून पहाटे फिरवत बसलेली. ताई, आज तरी घ्या म्हणाली. घेतलं. पण ओला कोट अंगावर घेऊन ती आठ तास भट्टीशेजारी उभी राहिली आणि आमच्या रजिस्टरला लिहिलं की गणवेश स्वच्छ. लिहिणारी मीच.

आता नियम काय म्हणतो बघा. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, त्याखालचे लायसनचे नियम २०११ चे, त्यात परिशिष्ट चार आहे, आमच्याकडे ऑडिटवाले शेड्यूल फोर शेड्यूल फोर करत फिरतात तेच. त्यात स्पष्ट आहे की स्वच्छ कपडे, टोपी, मास्क, हातमोजे, पायताण हे धंदा करणाऱ्याने पुरवायचं आणि कामगार रोज स्वच्छ कपड्यातच काम करतोय हे पण त्यानेच बघायचं. हात धुवायची सोय, बायका-पुरुषांचे वेगळे संडास, कपडे बदलायची जागा, हे सगळं त्याच यादीत. कारखान्याच्या १९४८ च्या कायद्यात सुद्धा कपडे ठेवायची आणि ओले कपडे वाळवायची जागा द्या असं कलम होतं, २०२० च्या नव्या कामगार संहितेत पण ते आहे. म्हणजे कागदावर ती मुलगी कुठेच दोषी नाही. पण आमच्या भिंतीवर जो बोर्ड लागला होता त्यावर सगळ्या ओळी कामगारांसाठी, नखं कापा, थुंकू नका, दागिने घालू नका. मालकाने काय करायचं त्याची एक ओळ नाही.

दागिन्यांवरून आठवलं, तिथे मात्र मी बायकांशी भांडलेय आणि परत भांडेन. काचेच्या बांगड्या लाइनवर नकोत म्हणजे नकोत, मेटल डिटेक्टर खिळा पकडतो, काच नाही पकडत. नवीन लग्न झालेली हिरवा चुडा घालून येते, सासूने सांगितलंय उतरवायचा नाही, तिला बाजूला घेऊन समजवायला लागतं, पॅकिंगला न ठेवता बाहेर खोक्याला टेप मारायला बसवायचं महिनाभर. मंगळसूत्र कोटाच्या आत, गळा बंद. टिकलीचं तर विचारू नका, घाम आला की निघते आणि चिवड्यात पडली की तेलात भिजून मनुक्यासारखी दिसते, आम्ही एकदा पंधरा किलोचा घाणा एका टिकलीसाठी फेकलाय. शेवटी ठरवलं, गेटवर आरशाला चिकटवून जायची, जाताना परत लावायची. तो आरसा बघण्यासारखा झाला होता.

आणि हातमोजे. नियमात आहेत, बरोबर आहे, पण फोटोत हातमोजे दिसले म्हणजे माल स्वच्छ असं समजू नका. एकच जोडी सकाळी घातली की त्याच हाताने मोबाइल, त्याच हाताने ट्रॉली, त्याच हाताने मान खाजवायची, आणि हातात मोजा आहे म्हणून हात धुवायचं नावच नाही. आत घाम साचतो, तुकडा फाटून मालात जातो. दर वेळी बदलायला खोकंभर मोजे देणार असाल तर द्या, नाहीतर साबण, ब्रश आणि वाहतं पाणी द्या, मी धुतलेल्या हातावर जास्त विश्वास ठेवेन.

मला खरी भीती वाटायची ती पेढ्याच्या टेबलाची. शेव फरसाण कोरडं, त्यात जंतू सहसा वाढत नाहीत, तिथे केस आणि काच सांभाळली की बरंचसं निभावतं. पेढा हाताने वळतात आणि वळल्यानंतर त्याला आच नाही. एखादीला नखुरडं झालंय, बोटात पू आहे, किंवा नाक वाहतंय, तर त्यातला स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू खव्यात मजेत वाढतो आणि त्याचं जे विष तयार होतं ते नंतर उकळलं तरी जात नाही. बोटाला पट्टी लावायची ती निळी लावायची, कारण खायच्या वस्तूत निळा रंग सहसा नसतो, पडली तर दिसते. आमच्याकडे फर्स्ट एड बॉक्सला कुलूप आणि किल्ली ऑफिसात. मग बाई सांगतच नाही. का सांगेल, सांगितलं तर घरी पाठवणार आणि खाडा. जुलाब लागले तरी तेच. ईएसआय, म्हणजे कामगार विमा, आहे ना म्हणतात, आहे, पण नवीन आजारपण असेल तर त्यातले पहिले दोन दिवस ईएसआयचा भत्ता मिळत नाही, आणि पोट बिघडतं ते साधारण दोनच दिवस. ठेकेदारामार्फत लागलेल्या बायकांचं तर ईएसआयला नाव तरी आहे का ते आधी बघावं लागेल. मग ती गोळी घेऊन येते आणि पेढ्याच्या टेबलाला उभी राहते. वर्षातून एकदा डॉक्टर येऊन तासाभरात साठ जणींच्या सर्टिफिकेटवर सही करून जातो, त्या सहीने हे थोडंच थांबतंय.

आता खुंट्यांचं. कोट घालून संडासात जायचं नाही हा साधा नियम, कुणालाही पटेल असा. आमच्याकडे बायका जायच्या आणि मी ओरडायचे. एक दिवस मी स्वतः आत गेले तर कोट काढून ठेवायचा कुठे, आत ओली फरशी, दाराला कडी सुद्धा धड नाही, बाहेर भिंत सपाट. बाहेर काढला तर जमिनीवर ठेवायचा. इतके महिने ओरडत होते आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण माझा कोट ऑफिसच्या खुर्चीवर असायचा. साहेबांना सांगितलं, ते म्हणाले पुढच्या महिन्याच्या खरेदीत टाकू. तीन महिने झाले. मग मी येताना हार्डवेअरवाल्याकडून बारा खुंट्यांची पट्टी आणली, मेंटेनन्सच्या पोराने जेवणाच्या सुट्टीत ठोकून दिली. दुसऱ्या दिवसापासून कोट बाहेर. मला कुणावर ओरडावं लागलं नाही, बोर्ड लावावा लागला नाही.

तर संपादक साहेब, तुमचा बातमीदार पुढच्या धाडीबरोबर जाईल तेव्हा बायकांचे फोटो काढून झाले की त्याला एवढं बघायला सांगा, कोट धुतात कुठे, बदलायची खोली दाखवा म्हटलं तर काय दाखवतात, संडासाबाहेर खुंटी आहे का, नळाला पाणी आणि साबण आहे का, आणि काल आजारी म्हणून घरी राहिली तिचा रोज दिला का. आणि जमलं तर फोटोखालच्या ओळीत बायकांच्या आधी मालकाचं नाव टाका.

आपली नेहमीची वाचक
(नाव छापू नये, माझ्या लाइनवरच्या बायका अजून तिथेच कामाला आहेत)