झाड वाऱ्यानं पडलं नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात वळवाच्या पावसात स्टेशन रोडवरचा गुलमोहर रिक्षावर कोसळला, त्याची बातमी आपण फोटोसह छापलीत. ‘सोसाट्याच्या वाऱ्याने झाड उन्मळून पडले’ असं वर ठळक अक्षरांत होतं. रिक्षावाला समोरच्या टपरीवर चहाला गेला होता म्हणून वाचला. रिक्षाचा मात्र पापड झाला. बातमीत खोटं काही नाही. पण त्याच वाऱ्यात त्या रस्त्यावरची बाकीची तीस-चाळीस झाडं जागची हलली नाहीत. हे एकच का पडलं, एवढं सांगायला हे पत्र.

आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर कोणीतरी नंतर सांगेलच. माझी लाकडाची वखार आहे. वखारवाल्यानं झाडांची काळजी करायची म्हणजे मांजरानं दुधाची राखण करायची, असं म्हणणारे म्हणोत. पण गुलमोहराचं लाकूड कोणी विचारत नाही हे आमच्या धंद्यातलं पोरगंही जाणतं. हलकं, ठिसूळ, कीड लगेच लागते. ते जळणाच्या भावानं जातं आणि तोडणावळ-वाहतूक धरली तर हातात चहापाणीच उरतं. रस्त्यावरची पडलेली झाडं मी लिलावात घेतो आणि करवतीवर चिरतो. त्यामुळे बाकीच्यांना झाड बाहेरून दिसतं, मला आतून दिसतं.

तो गुलमोहर मी दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला. बुंधा आडवा पडलेला, मुळं वर. रस्त्याच्या बाजूची मुळं चांगली मनगटाएवढी, पिळवटून तुटलेली, ताजी. गटाराच्या बाजूला मुळंच नव्हती. होती ती थोटकं, सरळ रेषेत कापलेली, टोकाला काळी पडून कुजलेली. तीन-चार वर्षांपूर्वी तिथून गटारासाठी चर खणला तेव्हा जेसीबीच्या दातांनी ती कापली. म्हणजे झाड तेव्हापासून एका पायावर उभं होतं. वर बुंध्याला चिकटून पेव्हर ब्लॉक, खाली चार बोटं सिमेंट. पाणी आत जायला वाट नाही. बुडाशी तपकिरी, लाकडासारखी कडक आळंबी पंख्यासारखी फुटलेली होती. ती एका रात्रीत येत नाहीत. आतलं लाकूड कुजायला लागून बराच काळ लोटला की मग ती बाहेर डोकावतात. ओंडका चिरला तर मधे हात घालावा एवढी पोकळी आणि तिच्यात ओल्या भुश्यासारखा लगदा.

वाऱ्यानं फक्त शेवटचा धक्का दिला.

वखारीत या झाडांच्या पोटातून काय काय निघतं ते एकदा येऊन बघा. खिळे तर मोजायचेच नाहीत. क्लासच्या पाट्या, भाड्याच्या खोल्या, मूळव्याधीचे इलाज, सगळ्यांचे. तारांचे वेढे. मागे एका करंजाच्या ओंडक्यात करवतीचं पातं खडकन तुटलं. बघतो तर लोखंडी ट्री गार्डचं कडं. रोप लहान असताना लावलेलं, नंतर कोणी काढलंच नाही, झाडानं ते गिळलं. कड्याला पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर ‘यांच्या स्मरणार्थ’ एवढीच अक्षरं शाबूत होती. एका शिरीषाच्या बुडाशी तर रोपवाटिकेची काळी प्लास्टिकची पिशवी सापडली. ती न फाडताच रोप खड्ड्यात ठेवलेलं. मुळं पिशवीत गोल-गोल फिरून वेटोळं करून बसली आणि झाड आपल्याच मुळांच्या फासात पंधरा-वीस वर्षं जगलं. अशा झाडाला वादळ लागत नाही, बैलगाडीचा धक्का पुरतो.

आता मुख्य गोष्ट. आपल्या गावातली बहुतेक रस्त्यांवरची झाडं एकाच वयाची आहेत. 1982 साली राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत गावोगाव रस्त्याकडेला झाडं लागली. लवकर वाढणारी, लवकर फुलणारी हवी होती, म्हणून गुलमोहर, सोनमोहर, सुबाभूळ, थोडे पर्जन्यवृक्ष. त्या वेळी ते बरोबरच होतं. आमच्या लहानपणी त्या रस्त्यावर उन्हात डांबर चपलेला चिकटायचं. आम्ही शाळेतली पोरं डब्यातलं उरलेलं पाणी त्या रोपांना घालायचो. ती सगळी एकदम लागली, एकदम वाढली आणि आता एकदम म्हातारी झालीत. मादागास्करहून आलेल्या गुलमोहराला वडासारखं आयुष्य नाही. मोकळ्या मैदानात तो तग धरेल. रस्त्याच्या कडेला, मुळांना जागा नसताना, चाळीस-पन्नास वर्षं म्हणजे त्याचं म्हातारपणच. म्हणजे येत्या दहा-पंधरा पावसाळ्यांत स्टेशन रोड, कोर्टाची गल्ली, एसटी स्टँडमागचा रस्ता हे सगळे ओळीनं बोडके होणार. एकेक झाड पडेल आणि आपण दर वेळी वाऱ्याला दोष देऊ.

एकाच जातीची रांग लावली की आणखी एक धोका असतो. मुंबईत मधे पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकूण ही कीड पडली आणि जुनी, मोठी, रस्त्यावर मांडव घातलेली झाडं बघता बघता वाळली. आपल्याकडे गुलमोहरांना असं काही लागलं तर एका उन्हाळ्यात अर्धं गाव उघडं पडेल.

रिक्षावरची बातमी छापून आल्यावर गावात दोन तट पडलेत. एक म्हणतो, धोकादायक झाडं पावसाआधी सरसकट तोडा. दुसरा म्हणतो, एका पानाला हात लावाल तर आडवे पडू. दुसऱ्या तटानं व्हॉट्सअ‍ॅपवर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातला उतारा फिरवलाय, झाडं रयतेनं लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडू नयेत, असा. उतारा खरा आहे आणि मला तो तोंडपाठ आहे. पण फिरवणाऱ्यांनी त्याचा शेवट गाळला. तिथंच पुढं म्हटलंय की झाड फार जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं तोडून न्यावं, जबरदस्ती मुळीच करू नये. म्हणजे जीर्ण झाड तोडण्याची सोय तीनशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यांनीही ठेवली होती, आणि ते कसं तोडावं याची रीतही. आम्हाला तोडू नका एवढंच आठवतं, नाहीतर तोडा एवढंच.

कायदाही आहे. झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 चा, नागरी भागासाठी. त्यात वृक्ष प्राधिकरण आलं, वृक्षगणना आली, तोडण्याआधी झाडावर नोटीस डकवणं आलं. 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांवरच्या झाडाला हेरिटेज वृक्षाचा मान दिला आणि जितक्या वयाचं झाड तोडाल तितकी नवी रोपं लावा, ती सहा ते आठ फुटांची असावीत, सात वर्षं जगवा, असं ठरवलं. हेतूबद्दल वाद नाही. पण वखारीतून बघताना दोन गोष्टी खटकतात. गुलमोहर 50 वर्षांचा होतो तेव्हा तो मानाच्या नव्हे, पडण्याच्या वयात आलेला असतो. वड तेव्हा कुठे मिसरूड फुटलेला पोरगा. दोघांना एकच फूटपट्टी. (वय तरी कशावरून ठरवणार? सागाची वर्तुळं मी मोजून दाखवीन. गुलमोहराची मोजून दाखवणाऱ्याला माझ्याकडून एक जेवण.) दुसरं असं की एका म्हाताऱ्या झाडाच्या बदल्यात 40-50 रोपं लावायला रस्त्यावर जागा कुठली? मग ती गावाबाहेरच्या टेकडीवर जातात. कागद पूर्ण होतो. टेकडीचं बरं होत असेल, पण स्टेशनवरून पिशव्या घेऊन येणाऱ्या म्हातारीला टेकडीच्या सावलीचा काय उपयोग?

माझं म्हणणं एवढंच आहे की झाड पडायची वाट न बघता त्याचा वारस आधी शेजारी लावा. दोन गुलमोहरांच्या मधल्या जागेत. गुलमोहराची सावली विरळ असते, उन्हाळ्यात तर पानंच नसतात, त्यामुळे खाली रोप वाढतं; फक्त त्या बाजूची एखादी फांदी नीट उतरवावी लागते. पर्जन्यवृक्षाखाली हे जमत नाही, तिथं रोप उजेडासाठी काठीसारखं उंच जाऊन वाकतं. वारस डोक्याच्या वर गेला की मग शेजारचं सगळ्यात पोकळ झाड काढायचं. दर वर्षी थोडी-थोडी. तसं केलं तर रस्ता एक दिवसही उघडा पडत नाही आणि पुढच्या पिढीला सगळी झाडं एका वयाची मिळत नाहीत.

कुठलं झाड पोकळ आहे हे कळायला फार मोठं यंत्र लागत नाही. बाजारात कलिंगड ठोकून घेतो तसं लाकडी हातोडीनं खोड ठोकत गेलं की कान सांगतो. आळंबी, वाळवीची मातीची रेघ, बुंध्याशी उचललेली फरशी, एका बाजूला वाढलेला कल. एवढं बघायला दोन माणसं आणि एक वही पुरे. पण ते बघायचं दिवाळीनंतर, थंडीत. आपल्याकडे छाटणीची आठवण मे महिन्यात येते, तारांना फांद्या लागायला लागल्या की. तेव्हा कावळ्यांची घरटी भरलेली असतात. आणि छाटणी म्हणजे काय, तर तारांच्या बाजूचं झाड उभं कापायचं. उरतो अर्धा पिसारा, सगळं वजन रस्त्यावर. शेंडा उडवला की तिथून झाडूसारखे कोंब येतात. ते खोडाच्या आतून नाही, सालीपासून फुटलेले असतात, दोन-तीन वर्षांत जड होतात आणि गळून पडतात. फांदी तोडायची तर ती जिथून निघाली त्या फुगवट्याशी, खालून आधी अर्धी चीर देऊन. हे आमच्या वखारीतला बारावी नापास पोरगा करतो.

काय लावावं यावर गावात शंभर तज्ज्ञ आहेत, मी एकशे एकावा. तारांखाली ताम्हण, बहावा, कांचन. ताम्हण तर आपलं राज्यफूल, आणि गावात मोजून दोन-तीन झाडं. रुंद रस्त्यावर कडुनिंब, करंज, चिंच, वावळ. जांभूळ मला प्रिय, पण जूनमध्ये खाली सडा पडला की दुचाकी घसरतात, ते शाळेच्या मैदानात लावा. कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड नको, गुजरातनं 2023 मध्ये त्यावर बंदी घातली. सप्तपर्णीची सलग रांगही नको, फुलांच्या उग्र वासानं ऑक्टोबरच्या रात्री खिडकी उघडवत नाही. आणि खड्डा तीन बाय तीन बाय तीन फुटांचा, खालचा मुरूम काढून माती भरलेला, पिशवी फाडून, मुळांचं वेटोळं सोडवून. बुंध्याभोवती उघडी माती. 2013 साली राष्ट्रीय हरित लवादानं दिल्लीच्या झाडांसाठी सांगितलं होतं की एक मीटरपर्यंत काँक्रीट नको. दिल्लीच्या झाडांना श्वास लागतो तसा आपल्याही झाडांना लागत असावा.

एक मागणी धंद्याच्या विरुद्ध करतो. मैदानात, बागेत जिथं खाली कोणी उभं राहत नाही तिथलं वाळलेलं झाड मला लिलावात देऊ नका. वरच्या फांद्या उतरवा आणि खोड तसंच ठेवा. ढोलीत पोपट असतात, पिंगळे असतात. मागे एका ओंडक्यात चिरता चिरता पिंगळ्याची दोन पिल्लं निघाली. तेव्हापासून ढोली असलेला ओंडका करवतीवर चढवण्याआधी आम्ही हात घालून बघतो.

परवा त्या गुलमोहराच्या जागेवरून गेलो. खड्डा खडीनं भरून वर पेव्हर ब्लॉक बसलेत, पांढरा पट्टाही मारलाय. रिक्षा आता पलीकडच्या झाडाखाली लागतात. त्या झाडाच्या बुडाशीही आळंबी आहेत. मी रिक्षावाल्यांना दाखवली. त्यांनी वाकून पाहिली आणि म्हणाले, “मग काय उन्हात उभं राहायचं का, शेठ?”

आपला,
एक वखारवाला